कोणी न जाळलेला ओवा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात छापून येईल असं आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. वडील दहावीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत लिहायला मी कोण, हा प्रश्न तुमच्याआधी मलाच पडला होता. पण स्मरणिकेचं काम बघणाऱ्या ताईंनी नोएडाहून, ऑफिसमधूनच फोन केला. "अरे, तू बॉटनीचा ना? मग बिल्कुल सोपं आहे यार. ओव्याचे फायदे. सातशे शब्द, बस. वरती छान फोटो टाकू." मला नाही म्हणता आलं नाही.

तो लेख मी लिहिला होता. जेवणानंतर चिमूटभर ओवा काळ्या मिठाबरोबर चावून खाल्ला की पोटातला वायू मोकळा होतो. सर्दी झाली की ओवा तव्यावर भाजून, फडक्यात पुरचुंडी बांधून हुंगतात, छाती शेकतात. ओव्याचा उग्र वास त्यातल्या थायमॉल नावाच्या द्रव्याचा असतो. कुंडीत लावतो तो जाड पानांचा पानओवा हे वेगळंच झाड, पण वासाचं नातं जवळचं, म्हणून त्याचीही भजी आणि काढा करतात. हे सगळं खरं आहे आणि अजूनही मला तसंच वाटतं. शेवटी धुरीबद्दल दोन ओळी होत्या, की बाळ-बाळंतिणीला निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी देण्याची आपली पद्धत किती चांगली. त्या दोन ओळी मी खोडल्या आहेत. आणि सातशे शब्दांऐवजी हे लिहून पाठवतो आहे. आईला विचारूनच लिहिलं आहे. तिची एकच अट आहे, नाव कुणाचंही घालायचं नाही.

गंमत अशी, की ओव्यावर लेख लिहिणाऱ्या माझ्या घरात ओवा कधी नव्हताच. माझे आईवडील मूळचे फलटणकडचे. वडील आधी चाकणला होते, तिथून कंपनीने मानेसरला पाठवलं आणि ते तिथेच राहिले. मी मानेसरलाच वाढलो. आमच्या फळीवर मोहरी, जिरं, हिंग, हळद, सगळं होतं. पोट दुखलं की आई बेंबीभोवती हिंग लावायची. शेजारची हरियाणवी मावशी एकदा अजवाइनचे, म्हणजे ओव्याचे, पराठे घेऊन आली, तर आईने दारातच हात जोडले. मावशीने मला जिन्यात विचारलं, "तेरी मां की अजवाइन से के दुश्मनी सै रे?" मला काय माहीत. मला वाटायचं, आईला वास आवडत नसेल. काहींना मेथी आवडत नाही, तसं.

कॉलेजसाठी मी दिल्लीत आलो तेव्हा मंडळातल्या ओळखीने आर. के. पुरमला एका मराठी कुटुंबाकडे मागची खोली मिळाली. मुलगा सरकारी नोकरीत, सूनही नोकरीत. दिवसभर घरी त्यांची आई असते. मी तिला काकू म्हणतो. भाजी आणणं, बीपीच्या गोळ्या आणणं, मोबाइलमधला आवाज गेला की परत आणून देणं, ही माझी कामं. ओवा मी पहिल्यांदा काकूंच्या हातच्या पुऱ्यांत खाल्ला. आवडला. पण त्यातून काही आठवलं वगैरे नाही.

मग गेल्या हिवाळ्यात तो वास आला.

दुपार होती. बाहेर धुकं इतकं की समोरच्या ब्लॉकचा कडुनिंबही दिसत नव्हता. मी पलंगावर बसून नोट्स काढत होतो. एकदम जळका, तिखट, औषधासारखा वास आला. विचित्र वाटलं ते असं, की तो बाहेरून नाकात येत नव्हता. आधी घशाशी आला आणि मग नाकात चढला. त्याच्या पाठोपाठ वाटलं की खोलीतून आत्ताच कोणीतरी बाहेर गेलं आणि जाताना दार लावून घेतलं. दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं, पलीकडे स्वयंपाकघरात काकू मटार सोलत बसल्या होत्या. तरी माझं मन म्हणत होतं, दार बंद आहे. कारण नसताना भीती वाटली. मिनिटभरात सगळं गेलं. तोंडाला मात्र पाणी सुटलं होतं, आणि झोप न झाल्यासारखं अंग जड.

"काकू, काही जळतंय का?"

"माझं डोकं," काकू म्हणाल्या. "सून परत गिझर चालू ठेवून गेली. बाकी काही नाही. कुकरसुद्धा लावला नाहीये अजून."

पाच-सहा दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी काकूंनी मटाराचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "नीट सांग बघू. कसला वास?"

मी सांगितला. जळका, कडवट, धुरकट, आणि आत काहीतरी औषधी. काकूंनी उठून फळीवरचा ओव्याचा डबा काढला, माझ्या नाकाखाली धरला. "हा?"

"थोडा. पण हा नाही."

मग चिमट्यात करवंटीचा तुकडा धरून गॅसवर लाल केला, लोखंडी तवीत ठेवला आणि वर मूठभर ओवा टाकला. तडतड झाली, धूर वर आला.

"हाच," मी म्हणालो.

काकू खाली बसल्या. डोळे पुसले, पण त्या हसतही होत्या. "सासूबाई," त्या म्हणाल्या.

मग कळलं की काकूंच्या सासूबाई या सगळ्या ब्लॉकांत प्रसिद्ध होत्या. कुठल्याही घरात, बंगाली असो की मद्रासी की पंजाबी, बाई बाळंत झाली की बोलावणं यायचं. सासूबाई पाटावर बसून बाळाला आणि बाळंतिणीला ओव्याची धुरी द्यायच्या. लुगड्याला तो वास कायमचा लागलेला.

"आणि या मागच्या खोलीतच गेल्या," काकू म्हणाल्या.

"तुम्ही आधी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर राहायला आला असतास?"

मी धूर जायला खिडकी उघडली.

"मी चाळीस वर्षं त्यांचं केलं," काकू तवीतल्या राखेकडे बघत म्हणाल्या. "मला एकदाही आल्या नाहीत. तुला आल्या. पहिल्यापासून त्यांना मुलगेच प्रिय."

त्या दिवसापासून संध्याकाळी मी कॉलेजातून आलो की काकू पहिला प्रश्न विचारायच्या, "आज आल्या?" एकदा येऊन बघतो तर माझ्या खोलीच्या कोपऱ्यात एक जुना पाट मांडलेला. "असू दे," काकू म्हणाल्या, "तुला काय अडचण होते? त्यांना जमिनीवर बसवत नव्हतं." मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, हे लिहायला मला लाज वाटते, पण मी तो पाट हलवला नाही. त्याच्याकडे पाठ करून अभ्यासाला बसायचो तेव्हा मान वळवून तिकडे बघायचो. पाट रिकामा असायचा. पण वास यायचा तेव्हा दर वेळी तेच, कोणीतरी गेलं, दार लागलं. एक गोष्ट मी काकूंना सांगितली नव्हती. त्या येत असत्या तर आल्यासारखं वाटायला हवं होतं. मला नेहमी गेल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीत वास मेट्रोत आला. भरल्या डब्यात, दांडी धरून उभा असताना. आजूबाजूला कोणाचाही चेहरा बदलला नाही. दार लागल्यासारखं वाटलं तेव्हा मेट्रोची दारं उघडत होती. माझं स्टेशन कधी गेलं ते कळलं नाही. पुढच्या स्टेशनच्या बाकावर मी बसलेलो होतो आणि तिथे कसा आलो ते मला आठवत नव्हतं.

घरी येऊन काकूंना सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मेट्रोत? अरे, त्या कधी बसमध्येसुद्धा चढल्या नाहीत. उलटी व्हायची त्यांना."

त्या दोन-तीन दिवसांत त्यांनी पाटाबद्दल काही विचारलं नाही. मला वाटतं, शंका त्यांनाही आली होती.

मग प्रॅक्टिकलचा दिवस. ब्लेडने खोडाचा पातळ छेद घ्यायचा होता. मला एवढंच आठवतं की घशाशी वास आला. त्यानंतरचं माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राने सांगितलं. मी उभा राहिलो. डोळे उघडे, पण बघत कोणाकडेच नव्हतो. ओठ चावल्यासारखे हलत होते, जसं काही मी काहीतरी खातो आहे. एका हातात ब्लेड, दुसऱ्या हाताने कोटाचं एकच बटण लावत आणि काढत होतो. त्याने हळूच ब्लेड काढून घेतलं. दोन मिनिटांनी मी त्याला विचारलं, "ब्लेड कुठे गेलं?"

"ब्लेड छोड," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. "भाई, तू गया कहां था?"

मॅडमनी मला घरी पाठवलं नाही, थेट हॉस्पिटलला पाठवलं.

सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. वासाबद्दल सांगताना मला भीती वाटत होती की ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी भराभर लिहून घेतलं. असा नसलेला वास हा मेंदूतून उठणारा एक प्रकारचा झटका असू शकतो, असं ते म्हणाले. एमआरआयची तारीख मिळाली. तो झाल्यावर त्यांनी पडद्यावर मला कानशिलाच्या आतल्या बाजूला एक छोटी खूण दाखवली. आमच्या मायक्रोस्कोपखाली एखादी पेशी वाळलेली दिसते, तशी.

"पुराना निशान भी हो सकता है," डॉक्टर म्हणाले, "नया कुछ भी हो सकता है। बचपन में दौरा पड़ा था? तेज बुखार में झटके? कभी दम घुटा हो, सांस रुकी हो?"

"माहीत नाही" असं मी मराठीतच म्हणालो, मग हिंदीत.

"मां से पूछो। ठीक से पूछो।" मग त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी तसं काही झालं असेल तर ही त्याचीच खूण, गोळ्यांनी काम होईल. तसं काहीच झालं नसेल तर ती वाढणारी गोष्ट नाही ना, हे बघावं लागेल. पुन्हा स्कॅन, आणि कदाचित सुई घालून तुकडा काढणं. पुढच्या गुरुवारी यायचं होतं. तोवर रोज एक गोळी.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरूनच आईला फोन लावला. मला चक्कर येते एवढंच तिला आधी सांगितलेलं होतं. आता खूण आहे असंही सांगितलं, आणि विचारलं.

"छे," आई म्हणाली. "तुला कधी साधा तापसुद्धा आला नाही. सगळे म्हणायचे, पोर किती गुणी."

"श्वास अडकला, गुदमरलो, असं काही?"

"नाही म्हटलं ना. तू जेवतोस का वेळेवर?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. या वेळी ती चिडली. "डॉक्टर लोकांना काही सापडलं नाही की आईला विचारतात." मग वडिलांना फोन केला. ते कंपनीच्या बसमध्ये होते, मागे गाणी चालू होती. "आई म्हणते तेच," ते म्हणाले आणि जरा थांबून, "तिलाच विचार."

मला तेव्हा खात्री पटली की लहानपणी काही झालेलं नाही, म्हणजे माझ्या डोक्यात जे आहे ते नवं आहे. रात्री झोपताना उजव्या कानशिलावर हात ठेवायचो. आत काही हलतंय का, असं बघत असल्यासारखा. वडिलांनी वीस वर्षं शिफ्ट केली ती मी शिकावं म्हणून, आणि आता हे. एवढाच विचार यायचा.

गोळीने मात्र वास थांबला. अलीकडे दिवसाआड यायचा, आता चार दिवस एकदाही आला नाही. काकूंनी विचारलं, "आल्या?" मी नाही म्हणालो. त्या जरा वेळ ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"गोळ्या घेतोयस म्हणून येत नसतील," त्या म्हणाल्या. "एक दिवस नाही घेतली तर…" आणि मग स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. "काय बोलते मी! घे, घे बाबा गोळी. माझ्यासमोर घे." त्यांनीच पाण्याचा पेला आणून दिला. मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग खोलीत जाऊन पाट उचलला आणि पलंगाखाली सारून दिला.

"आईला सांगितलंस कसला वास ते?" बाहेर येत त्यांनी विचारलं.

खरं तर नाही. चक्कर सांगितली होती, खूण सांगितली होती. वासाची गोष्ट आईला वेडेपणाची वाटेल म्हणून सांगितलीच नव्हती.

"मग सांग की. तिला वेगळं काही वाटेल कदाचित," काकू म्हणाल्या. "आमच्या सासूबाई नसतील, तर तुमच्याकडच्या कोणीतरी असतील."

म्हणून रविवारी सकाळी तिसऱ्यांदा फोन केला. आई स्वयंपाक करत होती. कुकरची शिट्टी ऐकू आली. मी म्हणालो, "आई, मला चक्कर यायच्या आधी एक वास येतो. धुराचा. काकूंनी करून दाखवला तेव्हा कळलं. निखाऱ्यावर ओवा टाकतात ना, तो. आणि असं वाटतं की कोणीतरी खोलीतून गेलं आणि दार लावून घेतलं."

दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. आईच्या कुकरला तीनच शिट्ट्या लागतात, मग ती गॅस बंद करते. चौथी झाली, पाचवी झाली. मी "आई, आई" म्हणत होतो. मग फोन बंद झाला.

परत लावला तर उचलला नाही. दुपारी वडिलांचा मेसेज आला, 'तिला जरा वेळ दे. ठीक आहे ती.'

सोमवार गेला, मंगळवार गेला. आता मला वासाची नाही, गप्प बसलेल्या फोनची भीती वाटत होती. ज्याअर्थी आई बोलत नाही त्याअर्थी काहीतरी आहे, हे कळत होतं. पण काय, ते कळत नव्हतं. माझ्या जन्माआधी घरात कोणी गेलं होतं का, मला कोणाची बाधा आहे असं तिला वाटतं का, असले विचार. आणि गुरुवार जवळ येत होता.

बुधवारी दुपारी मी मागच्या खोलीत बसलो होतो. काकू बाहेर ऊन घ्यायला गेल्या होत्या. मोबाइल वाजला. आईने पाठवलेली ध्वनिफीत होती, पाच मिनिटांहून मोठी. आई कधी 'जेवलास का' याच्यापुढे रेकॉर्ड करत नाही. सुरुवातीला नुसता पंख्याचा आवाज होता. मग ती बोलली. ती जे बोलली ते इथे लिहितो, आणि थांबतो.

"राजा, तुझ्याशी बोलताना मला सांगता आलं नसतं. असं बरं आहे, तू मध्ये काही विचारणार नाहीस. तू अठरा दिवसांचा होतास. थंडी कडाक्याची. गावाकडून कोणी येऊ शकलं नव्हतं, मी एकटीच. तुझ्या आजीला एसटीडीवरून फोन लावला होता, ती म्हणाली, पोराला रोज धुरी दे, ओवा टाक, लसणाची सालं टाक, छाती मोकळी राहते. ती सांगत होती ते गावाकडचं, बाळा. गावाकडे कौलं असतात, धूर वर निघून जातो. इथे खोलीला वर स्लॅब. खिडकीला मीच पुठ्ठा लावला होता, तुला वारा लागू नये म्हणून. शेगडीत कोळसे होते. तेवढ्यात खालून हाक आली, पाणी आलं. पाणी गेलं असतं तर दुसऱ्या दिवशीच. तुला बाहेर न्यावं तर थंडी. मी अजून मूठभर ओवा टाकला, म्हटलं, ऊब राहील. नळावर रांग मोठी होती, दोघींचं भांडण लागलं. मी परत आले तर तू निळा झाला होतास. हातपाय झटकत होतास. खालच्या बाईने तुला माझ्या हातातून हिसकावून गच्चीवर पळवलं, म्हणून तू आहेस. दवाखान्यात सहा दिवस होतास. तुझ्या वडिलांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मीच त्यांना शपथ घातली होती, पोराला सांगायचं नाही. डॉक्टरला उद्या सांग, नवं काही नाही, जुनं आहे ते. आणि तुला वाटतं ना, कोणीतरी गेलं म्हणून, ती मी. दार मी लावलं होतं."